पश्चिमेच्या भिंतीची वेल

लग्न होऊन मी गडचिरोलीला आले तेव्हा चामोर्शी रोडकडच्या आमच्या वस्तीत झाडं कमी आणि विजेचे खांब जास्त होते. सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर तिथे घर बांधलं होतं. घर चांगलं होतं. मागे विहीर, अंगणात त्यांनीच लावलेलं आंब्याचं कोवळं झाड. फक्त पुढची भिंत नेमकी पश्चिमेला आली होती. उन्हाळ्यात दुपार कलली की ती तव्यासारखी तापायची, आणि जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी निवायची नाही. कूलर तिच्याच खिडकीत, त्यामुळे त्याची हवाही कोमट.

घरात मी आणि सासरे, आम्ही दोघंच. माझा नवरा वीज खात्यात, सिरोंच्याला. तिथून यायचं म्हणजे सगळा दिवस बसमध्ये जायचा, म्हणून तो सुट्टी साधून कधीतरी यायचा. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून परत यायचे तर बाबा, म्हणजे सासरे, पडवीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलेले असायचे. काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही.

"जेवले का, बाबा?"

"जेवलो."

"चहा ठेवू?"

"ठेव, बाई."

बस, इतकंच.

माझं माहेर चिमूरचं. आमच्या घरापुढे मधुमालतीचा मांडव होता. आई त्याखाली तांदूळ निवडायची, मी त्याखाली नर्सिंगचा अभ्यास केला, आणि मला बघायला आलेले पाहुणेही त्याखालीच बसले होते. गडचिरोलीच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला त्या सावलीची इतकी आठवण यायला लागली की एक दिवस चहा देताना मी धीर करून बोललेच.

"बाबा, समोरच्या भिंतीले एक वेल लावू का? घर थंड राहील."

"कायची वेल?"

"मधुमालती. माहेरून आनते."

"खायले काय भेटते तिचं?"

"खायले काई नाई भेटत. फुलं येते."

बाबांनी कप खाली ठेवला. "बाई, मी फॉरेस्ट गार्ड होतो. अख्खी नोकरी वेला तोडत फिरलो. आन् आता घरी वेल लावू?"

मला वाटलं ते चिडले. पण ते चिडले नव्हते, बोलायला लागले होते. सागाच्या झाडाला पळसवेल नाहीतर माहुलवेल कशी विळखा घालते, खोड कसं वाकडं होतं, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. पावसाळा सरला की वेली तोडायचं काम निघायचं. मजुरांच्या पुढे हे कुऱ्हाड घेऊन. वेल बुडाशी तोडायची आणि वरचा भाग तसाच सोडायचा. ओढायची नाही, ओढली तर झाडाच्या फांद्या मोडतात. तिची ती वर वाळत जाते.

"आन् आई?" मी विचारलं. "त्याईले नव्हत्या का आवडत वेला?"

बाबा पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळं हसले. कुरखेड्याकडे वनखात्याच्या एका नाक्यावर त्यांचं क्वार्टर होतं, टिनाच्या छपराचं. आसपास दुसरं घर नाही. सासूबाई नवी नवरी म्हणून तिथे राहायला गेल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी छपरावर दोडका आणि वाल चढवला. टिन पार झाकून गेलं, आत गारवा झाला, भाजीची सोय झाली. मग साहेब तपासणीला यायचे म्हणून बाबांनी छप्पर साफ करायचं ठरवलं.

"मी शिडी लावलो," बाबा म्हणाले, "त थे खाली उभी राहून म्हनते, सरकारच्या वेला तुमी तोडा, माह्या वेलीले हात लावान त आज चूल पेटनार नाई. मी गुपचूप खाली उतरलो."

"मग साहेब?"

"साहेब आला, वालाच्या शेंगाची भाजी जेवला, गेला."

त्यानंतर बदली होईल तिथे सासूबाईंनी छपरावर वेल चढवली आणि सामान हलवताना ती मागे सोडली. बाबांना वेल म्हणजे एक तर जंगलात तोडायची, नाहीतर घरी खायची, एवढंच ठाऊक. नुसत्या शोभेची वेल त्यांच्या हिशेबात बसत नव्हती. पण चहा संपल्यावर ते म्हणाले, "आन तुही वेल. पन आंब्यापासून दूर लावजो."

मी चिमूरहून मधुमालतीच्या बुडातून निघालेला एक फुटवा ओल्या पोत्यात बांधून आणला. बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, लेकरू आहे का. घरी आले तर बाबांनी खड्डा खणून, त्यात शेणखत घालून ठेवला होता. पुढच्या काही दिवसांत त्यांनी बांबू आणले, तासले, आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवून मांडव उभा केला. भिंतीला चिकटून का नाही, तर मधून हवा खेळली पाहिजे, नाहीतर पानं भाजतात. हे त्यांनी त्या भिंतीला हात लावून सांगितलं आणि चटका बसला तसा झटकन काढला.

मधुमालती पहिल्या वर्षी नुसतं झुडूप होऊन बसली. मला घाई झाली होती. मी बाबांना घेऊन आरमोरी रोडच्या नर्सरीत गेले. तिथे मला सगळंच हवं होतं. खिडकीपाशी वासाची जुई, न्हाणीच्या गारव्याला मनीप्लांट, फाटकावर रंगीत बोगनवेल. बाबा फुलांकडे बघतच नव्हते. ते प्रत्येक वेलीची दांडी बोटांत धरून ती कशाने धरते ते बघत होते. ही स्वतः गुंडाळत जाते, हिला बारीक काठी द्या. ही मुळ्या फोडून चिकटते, हिला भिंतीला लावाल तर रंग सोडवेल. बोगनवेलीचा काटा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला.

"हे कुंपनाची होय. पोलीस कॅम्पच्या तारेवर पाह्यली मी हिले. गाय बी तोंड लावत नाई."

"पन फुलं पाहा ना, बाबा."

"फुलं त पाहूनच राह्यलो."

नर्सरीवाली बाई हसायला लागली. तिने सांगितलं, बोगनवेलीला पाणी जास्त घालू नका, नुसती पानं वाढतील. बाबांना हे पटेना. झाडाला पाणी कमी दिल्यावर फुलं जास्त येतात, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनाने रोज बादलीभर घातलं आणि वर्षभर आमच्या फाटकावर हिरवीगार पानं मिरवत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात मी पाणी तोडलं, आणि ती गुलाबी फुलांनी लवून गेली. बाबा फाटकाशी उभे राहून म्हणाले, "अजब आहे बाप्पा हे." जुई मात्र उधळी, म्हणजे वाळवी, लागून गेली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. तिथली माती तशीच होती.

आमचं खरं वाजलं ते गारवेलीवरून. मधुमालती वाढेना म्हणून मी निळ्या फुलांच्या गारवेलीचं बी टाकलं होतं. ती पावसाळ्यात अशी सुटली की मांडव ओलांडून, कपड्यांच्या दोरीवरून, थेट आंब्यावर गेली. सकाळी आंब्यावर निळी फुलं दिसायची. मला तर फार आवडायचं. एक दिवस ड्युटीवरून आले तर सगळी पानं लोंबत होती. बुडाशी पाहिलं, तिरपा घाव. वरचा भाग तसाच सोडलेला.

मी काही बोलले नाही. भात वाढला, वरण वाढलं, आणि खोलीत गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्यांदा ताट पुढे सरकवलं तेव्हा बाबा म्हणाले, "तू बोलत काऊन नाईस?"

"मले विचारलं का तुमी?"

"झाड मरत होतं, बाई."

"झाड माह्यं बी आहे. आन् वेल त माहीच होती."

बाबांनी वरण भातात कालवलं. मग म्हणाले, "तुही सासू असती त मले दिली असती चार शिव्या."

"मी नाई देत शिव्या."

"थेच त. थे देऊन मोकळी होत होती. तू चूप राह्यतेस."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मी म्हटलं, पुन्हा काही तोडायचं असेल तर आधी विचाराल. ते हो म्हणाले. आणि त्या दिवसापासून घरात बोलणं सुरू झालं ते बंद झालं नाही. माझ्या वॉर्डातल्या गोष्टी, त्यांच्या जंगलातल्या. गारवेल वाळून आंब्यावर लटकत होती, तिच्याकडे बघत आम्ही चहा प्यायचो.

त्यानंतरच्या वर्षी मधुमालतीने मनावर घेतलं. लांब लांब दांड्या सोडल्या. बाबांनी मला दाखवलं, तिची जुनी पानं गळतात पण देठाचा बुडखा तसाच राहतो, वाकून त्याचा काटा होतो आणि त्याच काट्याने ती बांबू धरते. माझ्या बालपणापासून ही वेल आमच्या दारात होती, तिच्या काट्यांनी फ्रॉक फाटले होते, पण काटा म्हणजे गळलेलं पान हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, संध्याकाळी बघा, फूल उमलताना पांढरं असतं, सकाळी गुलाबी होतं आणि मग लाल. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी एका घोसाला सुतळी बांधून ठेवली आणि रोज जाऊन बघितलं. नवरा सिरोंच्याहून आला तेव्हा त्याला हात धरून नेलं आणि दाखवलं. तो म्हणाला, तिकडे तेलुगू लोक हिला राधामनोहर म्हणतात. बाबांना ते नाव आवडलं, पण त्यांच्या तोंडी ती "बाईची वेल"च राहिली.

पश्चिमेची भिंत झाकली गेली. कूलर अजून लागायचा, पण खोलीत पाय ठेवताच अंग जळायचं ते थांबलं. संध्याकाळी वास सुटला की रस्त्यावरून जाणारे क्षणभर थांबायचे. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सांजेला वस्तीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या, विहारात वाहायला पांढरी फुलं पाहिजेत म्हणून. बाबा स्टुलावर चढून घोस काढून देत होते. "सकाळी गुलाबी होतील, आजच वाहा," असं प्रत्येकीला बजावत होते. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साड्यांतल्या बाया वंदनेला बसल्या तेव्हा बुद्धमूर्तीसमोरची फुलं गुलाबी झालेली होती. बाबा मला हळूच म्हणाले, "मी सांगतलं होतं." पावसाळा लागल्यावर त्यांनी विहाराच्या फाटकावर बांबूची कमान बांधली आणि आमच्या वेलीचा एक फुटवा तिथे लावून आले.

एकदा कुरखेड्याजवळ नात्यातलं लग्न होतं, आम्ही तिघं गेलो होतो. परतताना बाबा म्हणाले, आपला जुना नाका पाहून जाऊ. क्वार्टर पाडून नवं, पक्क्या छपराचं बांधलं होतं. तिथे एक तरुण वनरक्षक मुलगी होती, खाकीत, केस घट्ट बांधलेले. बाबांनी आपण कोण ते सांगितल्यावर तिने खुर्ची आणली, पाणी दिलं. समोर सागाचा पट्टा उभा होता. त्याच्या कडेला एका ऐनाच्या झाडावर जाडजूड माहुलवेल चढलेली.

"थे काऊन ठेवली?" बाबांनी विचारलं.

"आता सगळ्या नाई तोडत, भाऊ," ती म्हणाली. "काही ठेवाच लागते. पाखरं राह्यते, पत्रावळीले पानं भेटते लोकायले."

बाबा त्या वेलीकडे बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सगळी नोकरी ज्या कामात गेली, ते आता तसं करत नाहीत, हे ऐकताना माणसाला कसं वाटत असेल? मग ते म्हणाले, "बरं आहे. पन सागावर नको चढू देऊ."

"सागावरची तोडतोच ना आमी."

"बुडाशी तोडता का?"

"बुडाशीच. वरची ओढत नाई."

बाबांनी मान हलवली. मग दोघं उठून सागाच्या पट्ट्याकडे गेले आणि बराच वेळ एकेका झाडापाशी थांबत बोलत राहिले. मी आणि नवरा गाडीपाशी उभे होतो. नवरा म्हणाला, याच जागी माझी आई दोडके तोडायला मला छपरावर चढवायची.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. ते शेवटपर्यंत हिंडते-फिरते होते. एका हिवाळ्यात तापाने पडले आणि उठले नाहीत. माझ्याच वॉर्डात होते. तिथेही त्यांना काळजी होती की फुलं संपल्यावर मधुमालतीची छाटणी राहून गेली. मी म्हटलं, मी करते. म्हणाले, "लय नको छाटू. नव्या दांड्या राहू दे, फूल त्याईलेच येते."

नवरा आता गडचिरोलीलाच असतो. बांबूचा मांडव कुजला तेव्हा आम्ही लोखंडी पाइप लावले, पण उन्हात पाइप तापतो आणि कोवळी दांडी त्याला धरत नाही. यंदा पाइपांना जुन्या साड्यांच्या पट्ट्या गुंडाळल्या. निळ्या, हिरव्या, एक लाल काठाची. दिसायला विचित्र दिसतं, शेजारीण रोज विचारते, पण परवा पाहिलं तर एक दांडी वरपर्यंत पोचली होती.