मावशीचा कच्चा टाका

माझी मावशी शिवणकाम करते. तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य दातांतून गाळून येतं. तिचा मुलगा, आमचा दादा, कुठलीही भानगड "हे बघ आई, साधी गोष्ट आहे" अशी सुरू करतो. यंदाची साधी गोष्ट म्हणजे मावशीची दोन खोल्यांची जागा त्याच्या नावावर करणं. या विषयावर त्याने तिचं डोकं खाऊन संपवलं.

तेवढ्यात बातम्यांत आलं, सरकार नवा कायदा आणतंय. आईबापांनी दिलेलं घर, मुलं सांभाळत नसतील तर, कागदात तशी अट नसली तरी परत मागता येणार.

मावशी कुठलाही कपडा आधी कच्च्या टाक्याने जोडते. अंगावर चढवून बघायचा, नीट बसला नाही तर दोरा ओढून सुटा करायचा. हा कायदाही तिला तसाच वाटला.

"करून टाक बाबा एकदाचं," ती म्हणाली. "नाहीच जमलं तर उसवता येईल."

दादाने दुसऱ्याच दिवशी कागद तयार करून आणले.

नोंदणी कार्यालयात साक्षीला माझी आई गेली. बाकावर बसून तिघांनी सकाळची दुपार केली. शेवटी हाक आली. कारकून मान खाली घालून, शब्दांची शेपटं गिळत म्हणाला, "कुणाचा दबाव नाई ना?"

"दबाव नाही. कंटाळा आहे."

"कंटाळ्याला रकाना नाई, बाई. अंगठा ठेवा इथं."

"आणि पुढे परत घ्यायची झाली तर इथंच यायचं?"

कारकुनाने आता मान वर केली. "परत कशी घेणार?"

"नवा कायदा झालाय ना?"

"मसुदा आहे तो. पास कुठे झालाय? झाला तरी त्यानंतरच्या व्यवहारांना. आजचं आजच्या कायद्याने."

मावशीने अंगठा मागे घेतला. "तुला ठाऊक होतं?"

दादा म्हणाला, "हे बघ आई, साधी गोष्ट..."

"असेल. मला नाही झेपत." ती उठली. "पास झाला की बघू."

दादा तरातरा पुढे निघून गेला. आई सांगते, मावशी बाहेरच्या पायरीवर बसली ती उठेचना.

"चल की गं घरी," आई म्हणाली.

"थांब जरा. घरी तोच येणार आहे ना जेवायला."