मोर आमच्या नावावर

वनखात्याच्या गार्डानं मेलेला मोर माझ्या मांडीवर टाकला आन् म्हणला, "नीट धर. मान वर कर त्याची."

ग्रामपंचायतीसमोर. भर दुपारी. बा शेजारी उकिडवा बसलेला. गार्डानं मोबाईलवर आमचा फोटो काढला. बा ज्याचं शेत राखतो त्या मालकाचा पोरगा हसला, "पारध्याची पोरगी बघा, मोर घेऊन बसली!" सगळं गाव बघून राहिलं होतं. मोराच्या चोचीतला फेस माझ्या ओढणीवर गळत होता. पुसायला हात मोकळा नव्हता.

आम्ही मुखेडकडचे पारधी. आज्यानं फास लावून तितर धरले, ते खरं. बानं मात्र जन्मभर राखण केली. मालकाच्या शेतात हरणं, डुकरं शिरू नयेत म्हणून हाकारे घातले. त्या आठवड्यात मोरांनी पेरलेला भुईमूग उकरला. मालकानं स्वतः शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, औषध चोळलेली ज्वारी फेकली. मी तिथंच खुरपत होते.

बा म्हणला, "मालक, मोर मरतील."

"मरू दे. शेत माझं हाय."

मोर मेला. कुणीतरी फोन केला. वनखात्याची जीप मालकाकडं चहाला थांबली आन् तिथून सरळ आमच्या पालावर आली.

फोटो झाल्यावर आम्हाला वनखात्याच्या ऑफिसात नेलं. साहेब म्हणले, "फास लावून मोर मारला, असं लिहिलंय. अंगठा दे. पोरीला सोडतो."

बानं अंगठा पुढं केला. मी लहान असताना गावात चोरी झाली की पोलीस पहिले आमच्या पालावर यायचे, तेव्हाबी बा असाच गुपचूप गाडीत बसायचा. मला वाटायचं, असंच असतंय.

त्या दिवशी मी त्याचं मनगट धरलं.

"बा, न्हाई द्यायचा."

"सोड पोरी. तू घरी जा."

"न्हाई द्यायचा! साहेब, मोराचं पोट चिरून बघा. जनावराच्या डॉक्टरला बोलवा."

गार्डानं माझ्या कानाखाली मारली. मी मनगट सोडलं न्हाई.

केसच्या कागदाला डॉक्टरचा दाखला लागतच होता, म्हणून डॉक्टर आला. मोराच्या पोटात विष निघालं. मला वाटलं, सुटलो. साहेब म्हणले, "मग विष तुझ्या बापानंच घातलं."

बाला नांदेडच्या जेलात टाकलं. जामीन मिळाला तोवर पाऊसकाळ सरला होता. आला तो खोकतच आला. माझ्याशी बोलत न्हाई. मायला म्हणतो, "पोरीनं साहेबाला चिडवलं." गावात कुणी कामाला बोलवत न्हाई. लातूरला जाऊन काम बघावं, तर बाला दर सोमवारी हजेरी. तालुका सोडायचा न्हाई. राहावं तर उपाशी, जावं तर पुन्हा जेल.

परवा मालकाचा माणूस आला. "मालक वकील देतील. त्यांचं नाव तेवढं काढू नको." तो गेल्यावर मायनं माझे पाय धरले.

मोर मारू नये, हा कायदा मला मान्य हाय. चांगला कायदा हाय. पण त्यानं मालकाच्या दारातबी जायला पाहिजे. आपल्या पायानं जात नसंल, तर मी नेणार.

तारखेला मी कोर्टात उभी राहणार. ज्वारी कुणी फेकली, कुठं फेकली, फेकताना काय बोलला, सगळं सांगणार. मालकाचं नाव घेणार, त्याच्या बापाच्या नावासकट. बा बोलला न्हाई तरी. पाल उठवलं तरी.