वारसदाराचा रकाना

परवा डिंडोलीच्या बँकेत माझ्या पुढच्या बाईनं जांभळ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, आणि त्या वासासरशी मी तीस वर्षं मागे गेले बघा.

आमच्या खोलीत चटईवर विम्याचा एजंट बसला होता. ह्यांच्या नावानं म्हातारपणाच्या पेन्शनची पॉलिसी काढायची होती. हप्ता मात्र माझ्या खात्यातून जायचा, साड्यांना टिकल्या चिकटवून मी जमवलेल्या पैशातून, म्हणून माझा अंगठा हवा होता. फॉर्म गुजरातीत होता. साड्यांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत मी गुजराती वाचायला शिकले होते, पण हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ह्यांना एक दिवस चकित करीन, म्हणून मनातच ठेवलं होतं.

वारसदाराच्या रकान्यात माझ्या दिराचं नाव होतं.

मी हळूच म्हटलं, "अहो, ह्यात माझं नाव कुठंय?"

हे हसले. "तुले काय समजस? समदं तुन्हंच शे." मग एजंटला म्हणाले, "अडाणी आहे बिचारी."

तोही हसला. "बेन, आता म्हातारपणाची फिकर नको."

परक्या माणसापुढे नवऱ्याला खोटं कसं पाडायचं, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात. मी अंगठा ठेवला. त्यांची लाज राखली आणि माझं म्हातारपण देऊन टाकलं, हे आज दिसतं.

हे गेले, पैसे दिरांनी नेले. लेक अजून चिडते, "आई, कुणाकडून वाचून तरी घ्यायचंस!"

मी म्हणते, "खरंय गं. मला कुठं वाचता येत होतं तेव्हा?"