सव्वीस स्वच्छ घरं

हॉस्पिटलात बावीस वर्षं फरशा पुसणाऱ्या या बाईला सगळी गल्ली चकाचक मावशी म्हणायची. डाग दिसला की तिचे हात शिवशिवायचे. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी बोलता बोलता टेबल पुसून टाकायची. सून म्हणायची, यम न्यायला आला तर सासूबाई त्यालाही आधी पाय पुसायला लावतील.

नदी पहिल्यांदा गल्लीत शिरली तेव्हा पाणी छातीइतकं चढलं होतं. ते ओसरलं त्याच दिवशी मावशीने बायका गोळा केल्या आणि तीन दिवसांत सव्वीस घरं घासून काढली. गाळातून रोगराई येते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कुजलेल्या गाद्या जाळल्या, गंजलेली यंत्रं भंगारात दिली. भिंतींवरची पाण्याची रेघसुद्धा चुन्याखाली गेली.

पंचनाम्याचे साहेब उगवले अकराव्या दिवशी. आधी ते बंगल्यांकडे गेले होते, तिकडे गाडी दारापर्यंत जाते ना! तिथल्या लोकांना विम्याची सवय, त्यांनी भिजलेला गालिचासुद्धा जागचा हलवला नव्हता. इथे साहेबांना कोरडी फरशी दिसली. सव्वीस घरांपुढे त्यांनी एकच ओळ लिहिली, नुकसान आढळले नाही.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. शेजारच्या शिंप्याचं शिलाई मशीन पाण्यात गेलं होतं. तो भांडला नाही, एवढंच म्हणाला, "मावशी, थोडी घाण राहू दिली असतीस तर बरं झालं असतं." त्या रात्री ती जेवली नाही.

मग सात महिने तिने कचेरीत चपला झिजवल्या. तिचं मागणं साधं होतं. खालच्या गल्लीत चार दिवसांच्या आत या, आणि येता येत नसेल तर शेजाऱ्यांचा जबाब धरा. गाद्या वाहून नेणारा गाडीवाला आहे, भंगारवाला आहे, विचारा त्यांना. कारकून म्हणायचा, रेघ दाखवा. अर्जाला अखेर उत्तर आलं, तशी तरतूद नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या वर्षी नदी पुन्हा आली. या खेपेला मावशी गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली आणि तिने बजावलं, कुणी झाडूला हात लावायचा नाही. सून आणि नातीला तिने सुनेच्या माहेरी धाडलं. दिवसभर हॉस्पिटलची फरशी आरशासारखी करायची आणि संध्याकाळी घोटाभर चिखलातून स्वतःच्या खाटेपर्यंत जायचं. सातव्या दिवशी शिंप्याची आई जुलाबांनी आडवी झाली. तिला ठेवलं ते मावशीच्याच वॉर्डात. म्हातारीच्या खाटेखाली पुसताना मावशीला तिच्याकडे वर बघवेना.

दहाव्या दिवशी साहेब आले. मावशीच्या दारात नाकाला रुमाल लावून उभे राहिले.

"इतके दिवस घाणीत कसे राहता हो तुम्ही लोक? आजार होतात, कळत नाही का?"

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं. पण शब्दाने शब्द वाढला आणि हा माणूस निघून गेला तर?

"कळतं, साहेब," ती म्हणाली. "आधी लिहा."

त्यांनी लिहिलं. अकरा घरं झाली, शिंप्याचं दार समोर आलं आणि साहेबांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपली, उरलेली घरं परवा, उद्या सुट्टी आहे. मावशीने हात जोडले, आणखी अर्धाच तास मागितला. गाडी निघून गेली.

तिचं घर लिहून झालं होतं, धुवायला आता कुणाची हरकत नव्हती. शिंपी झाडू घेऊन आपल्या दारात उभा होता. आईला उद्या घरी सोडणार होते.

"मावशी, निदान तिच्या खाटेखालचा गाळ तेवढा काढू का?"

मावशीने त्याच्या हातातला झाडू काढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "तिला माझ्याकडे आण. माझं घर मी आत्ता धुते."