यीस्टची भाऊबंदकी

चरबीताई नेमकं काय काम करतात, हे त्यांच्या सासूबाईंना कधी नीट सांगता आलं नाही. "आमची सून चरबी काढते," एवढंच त्या शेजारणींना सांगत. त्यामुळे प्रयोगशाळेतून दमूनभागून आलेल्या ताईंना दारात दोन-तीन जाडजूड बायका हमखास भेटत. "अहो, मी यीस्टची चरबी काढते," असं ताई काकुळतीनं सांगत. बायका म्हणत, "असू दे, आमचंही बघा."

खरं काम असं होतं. बिअर आंबवणारी यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली सगळी सारखीच दिसतात, अंडाकृती आणि निर्विकार. पण वाणावाणागणिक त्यांच्या चरबीची घडण थोडी निराळी असते. ताई पेशी उकळून त्यांतली मेदाम्लं सोडवून घेत आणि यंत्राच्या लांबलचक नळीतून धाडत. हलकी आधी बाहेर पडत, जड मागे रेंगाळत, आणि कागदावर सुळक्यांची एक रांग उमटे. ती पाहून ताई सांगत, हे यीस्ट ह्या घरचं, ते त्या घरचं.

एकदा गावातल्या बिअरच्या कारखान्याचे मालक त्यांच्याकडे आले. दोघे सख्खे भाऊ, पण वडील गेल्यावर कारखान्याच्या मधोमध भिंत घालून बसलेले. दोघांच्या हातात एकेक थर्मास.

"ताई, ह्याला सांगा," थोरला छताकडे बघत म्हणाला, "बाबांचं यीस्ट माझ्याकडे आहे. ह्याच्याकडचं कुठलं तरी उपटसुंभ आहे."

"दादाला सांगा," धाकटा फरशीला म्हणाला, "आमच्या बिअरला अजून बाबांचा वास येतो."

"बाबांना वास यायचा?" ताईंनी न राहवून विचारलं.

"बाबांबद्दल काही बोलायचं नाही!" दोघे एका सुरात ओरडले.

ताईंनी मुकाट्यानं पुढचं समजावलं. खाणं बदललं, ऊब बदलली की यीस्टची चरबीही बदलते. म्हणून दोन्ही एकाच कपाटात, एकाच उबेत, एकच खाणं घालून वाढवावी लागतील.

थोरल्याचा चेहरा पडला. "एकाच कपाटात? अहो, आमचं येणं-जाणं बंद आहे."

"तुमचं बंद आहे. यीस्टचं नाही."

"माझं यीस्ट दादाच्या यीस्टशेजारी बसून जेवणार नाही," धाकट्यानं निक्षून सांगितलं.

शेवटी कपाटात मधे पुठ्ठा उभा करण्यावर तडजोड झाली. मग दोघे रोज वेगवेगळ्या वेळी येऊन काचेतून आपापल्या चंबूकडे बघू लागले. थोरल्याची बायको तर म्हणाली, "आमचं नीट खातंय ना हो? वाळल्यासारखं वाटतंय."

तुलनेसाठी ताईंना एक तिसरं यीस्ट हवं होतं, ह्या भानगडीशी काडीचाही संबंध नसलेलं. त्यांनी ते समोरच्या पाववाल्याकडून वाटीभर मागून आणलं.

निकाल आला आणि ताईंच्या पायांखालची जमीन सरकली. तिन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले, तर सुळक्यावर सुळका बसत होता. आपलंच काही चुकलं म्हणून त्यांनी भांडी घासली, सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. दूरच्या एका कारखान्याचं यीस्ट घालून पाहिलं, तर त्याचे सुळके साफ वेगळे. म्हणजे यंत्राचं डोकं ठिकाणावर होतं.

ताईंनी भावांना बोलावून सांगितलं, "तिन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. चरबीवरून मला ती वेगळी काढता येत नाहीत, एवढंच."

ऐकतो कोण! "तिसरं कुणाचं?" दोघांनी विचारलं, आणि पाववाल्याला बोलावणं गेलं.

तो पिठाचे हात पुसत आला. "एका उन्हाळ्यात तुमच्या बाबांचं यीस्ट मेलं होतं. माझ्याकडून बादलीभर घेऊन गेले. म्हणाले, पोरांना कळू देऊ नकोस." मग त्यानं खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला. "म्हणजे हिशेबानं बघितलं तर तुमच्यात थोरला मीच की."

कैक वर्षांनी धाकट्यानं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. "दादा, हा काय बोलतोय?"

"तू गप्प बस. मी बघतो ह्याच्याकडे."

महिन्याभरात कारखान्यातली भिंत पडली. पाववाल्यानं दुकानावर पाटी लावली : 'ताजे पाव. कारखान्याचे ज्येष्ठ बंधू.' तेव्हा दोघे भाऊ एकाच गाडीतून पुन्हा ताईंकडे आले. बाबांनी पाववाल्याकडून नेलं नसेल, उलट त्यानंच बाबांकडून चोरलं असेल, तेवढं चरबीवरून सिद्ध करून हवं होतं.

"कोण कुणाकडे गेलं, ते चरबी सांगत नाही," ताई म्हणाल्या.

"निदान एक सुळका तरी वेगळा काढा हो," थोरला गयावया करू लागला.

ताईंनी नकारार्थी मान हलवली. दोघे तणतणत निघाले. धाकट्यानं दादासाठी अदबीनं दार उघडलं, तर बाहेर पाववाला उभा. हातात गरम पावांची टोपली.

"म्हटलं, लहान भाऊ आलेत," तो म्हणाला. "उपाशी कसे जाऊ द्यायचे?"

दोघे त्याला वळसा घालून गेले. मात्र जाता जाता धाकट्यानं टोपलीतला एक पाव उचलला आणि गाडीत बसण्याआधी अर्धा मोडून दादाला दिला, हे ताईंनी खिडकीतून पाहिलं.