चाळणीदादांची मोजणी

वंध्यत्वाच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे चाळणीदादा म्हणत. पुरुषाचं वीर्य चाळणीसारख्या दाट द्रवाच्या थरांवर ठेवून यंत्रात गरगर फिरवलं, की चांगले शुक्राणू तळाला बसतात, मेलेले वरच अडकतात. या रीतीत त्यांची बावीस वर्षं गेली होती. नव्या बाई मात्र वीर्यावर हलकेच पोषक द्रव सोडून तासभर थांबत; ज्यांच्यात दम असेल ते शुक्राणू आपणहून पोहत वर येत. या पोहण्याला दादा पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत.

डॉक्टरांनी प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून दोन्ही रीती ताडून पाहायला सांगितल्या. शंभरात किती पुढे सरकतात, ते दादांनी मोजायचं. महिनाभर दादांचीच सरशी झाली. येत्या शनिवारपासून बाईंनी नळ्या सोडून कागदपत्रं सांभाळावीत, असं डॉक्टरांनी ठरवलं.

गुरुवारी बाई म्हणाल्या, "दादा, आज नळ्यांवरच्या आपल्या नावांच्या चिठ्ठ्या मी झाकल्यात."

"माझ्यावर भरवसा नाही वाटतं?"

"तुमच्या डोळ्यांवर आहे."

दादा हसत सूक्ष्मदर्शकावर वाकले. एक शुक्राणू जागच्या जागी शेपूट हलवत होता. त्यांचं बोट मोजणीच्या बटणावर थबकलं. हा सरकतोय, की नुसता वळवळतोय? असा प्रश्न त्यांना महिनाभर पडलाच नव्हता. स्वतःच्या नळीतला वळवळला तरी ते चालता धरत. बाईंच्या नळीतला असला, की त्याच्यात जीव नाही म्हणून सोडून देत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

दोन दिवसांत झाकून मोजलेल्या दहा नमुन्यांत दोन्ही रीती जवळजवळ बरोबरीत निघाल्या. बाईंनी आकडे वहीत उतरवले आणि नळ्या आवरायला घेतल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं दादांना वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी दादा डॉक्टरांच्या दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, महिन्याचे आकडे धरू नका. बाईंना नळ्यांवरून उठवू नका."

"तुमच्याकडून चूक? कशी झाली?"

"चूक कसली. लाड केले मी, माझ्या नळ्यांचे."

डॉक्टरांनी महिन्याच्या आकड्यांचा कागद बाजूला सारला. "मग यापुढे मोजायचं कुणी?"

"बाईंनी," दादा जमिनीकडे बघत म्हणाले. "चिठ्ठ्या मी झाकत जाईन."