भरून दिलेली टाकी

माझं माहेर मुरबाडचं. वडिलांचं रस्त्याला लागून गॅरेज होतं आणि इंजिन कसं चालतं हे त्यांनी मला मूठ खालीवर करून शिकवलं होतं. फोर स्ट्रोकची मूठ चार वेळा हलायची: ओढ, दाब, पेट, फेक. टू स्ट्रोकला एवढी सवड नसते. वर जाताना ओढणं-दाबणं, खाली येताना पेटणं-फेकणं, दोन हालचालींत मोकळा. "म्हणून तो हलका, जोरकस आणि तापट," असं म्हणून वडील माझ्याकडे बघून हसायचे. लग्न होऊन शहापूरकडच्या या गावात आले, तरी माझ्या तापटपणात काही फरक पडलेला नाही. नवऱ्याला विचारा.

दुसरा फरक तेलाचा. फोर स्ट्रोकच्या पोटात त्याचं तेल वेगळं असतं. झाकण उघडून बघायचं, कमी झालं की घालायचं. टू स्ट्रोकला असं वेगळं तेल नाही. त्याला पेट्रोलमध्येच तेल कालवून द्यावं लागतं, आणि ते जळतं म्हणून तो धूर सोडतो. त्या धुराचा वास आमच्या गॅरेजमधल्या पडद्यांना, वह्यांना, माझ्या वेणीला सगळ्यांना असायचा. मला तो कधीच आवडला नाही. पण तेल न घालता नुसत्या पेट्रोलवर टू स्ट्रोक चालवलात, तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जागच्या जागी जाम होतो. मग इंजिन गेलंच म्हणून समजा.

यंदा भातकापणीत आमचं कापायचं मशीन ऐन वेळी बिघडलं. आमचं फोर स्ट्रोक, नवऱ्यानं वाशिंदच्या कारखान्यातल्या मित्रांना विचारून हौसेनं घेतलेलं. थोडंच शेत उरलं होतं, म्हणून तो माझ्या चुलत जाऊबाईंकडून त्यांचं मशीन घेऊन आला. त्यांचे यजमान भातसानगरला धरणावर कामाला. शेत आणि मशीन दोन्ही जाऊबाईंच्या हातात. स्वतःचं भात कापून झालं की त्या खांद्याला मशीन लावून दुसऱ्यांच्या शेतावर जातात. कापणीच्या दिवसांत त्यांचं घर त्या मशीनवरच चालतं. मशीन बंद पडलं तर त्यांचा सगळा हंगाम गेला.

आमच्याकडे एक पद्धत आहे. कोणाचं मशीन मागून आणलं, तर परत करताना टाकी भरून द्यायची. रिकाम्या टाकीनं मशीन परत करणारा माणूस गावात हलका ठरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा चहा पीत बसला होता. मी विचारलं, "मशीन दिलं का परत?"

"दिलं की. पहाटंच दिलं, त्यांना आज ओढ्यापल्याड दुसऱ्याच्या शेतावर जायचं हाय ना. काठोकाठ टाकी भरलीय, ताजं पेट्रोल."

"आणि तेल?"

"तेल बघाया झाकणच शोधत व्हतो. त्या मशीनला झाकणच नाय!" एवढं म्हणून त्यानं बशीत चहा ओतला.

झाकण नसणारच, ते टू स्ट्रोक होतं! जाऊबाईंनी देताना तेल कालवलेलं पेट्रोल भरून दिलं होतं, त्यातच आमचं शेत उरकलं. आणि यानं वरून नुसतं पेट्रोल ओतून ठेवलं. जाऊबाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मशीन चालू असेल तर कसा ऐकू जाणार? मी नवऱ्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि स्कूटी काढली.

ओढ्याच्या अलीकडेच आवाज कानावर आला. मशीन चालू होतं. आता कधी आवाज चिरका होतोय आणि कधी बंद पडतोय, एवढंच ऐकत मी बांधावरून धावत सुटले. मला अक्षरशः रडू येत होतं. जाऊबाईंना तोंड कसं दाखवायचं?

आणि मग मला धूर दिसला.

पांढरट निळा धूर, जाऊबाईंच्या पाठीमागून भातावर पसरणारा. तेल असल्याशिवाय असा धूर निघत नाही. जन्मभर नाक मुरडलं त्या वासाला, पण त्या दिवशी मी तिथं उभी राहून तो छातीभर घेतला. जीव भांड्यात पडला.

जाऊबाईंनी मशीन बंद केलं. "अगो, येवढी धावत कशाला आलीस? घरी काय झालं का?"

मी सगळं सांगितलं. त्या पदरानं तोंड पुसत हसायला लागल्या.

"तुजा नवरा येकटा नाय गो. सगळीच नुसतं पेट्रोल भरून देतात. मी वतून घेते नि स्कूटीत घालते. मंग तेल कालवून नवीन भरते."

"मग सांगत का नाय कोणाला?"

"सांगितलं तर त्यांना वाटंल, आपण हिचं मशीन जाळीत व्हतो. मंग परत मागाया लाजतील. अडीनडीला कुणी दारात आलं नाय, तर मला गो कसं बरं वाटंल?"

त्यांनी दोरी ओढली आणि पुन्हा कापायला लागल्या. मी बांधावर बसून थोडा वेळ नुसतं बघत राहिले. फार बरं वाटत होतं.

घरी आले तर नवरा शिफ्टला निघायचा थांबला होता. चेहरा पार उतरलेला. "मशीन गेलं का गो?"

त्याला ऐकवायला येताना रस्ताभर मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं.

"मशीन झकास चाललंय," मी म्हटलं. "टाकी भरलेली बघून खूश झाल्या जाऊबाय. फक्त पुढच्या वेळी टाकी मी भरणार."